पाच वर्षांचं मूल, एक खोली आणि कादंबरीची भाषा

प्रश्न असा आहे: ‘पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडून कादंबरी लिहितोय. त्याच्या आईला एका माणसाने पळवून आणून एका खोलीत डांबलंय, मूल तिथेच जन्मलंय. दीडशे पानं झाली आहेत. ज्यांना वाचायला दिली ते म्हणतात, मुलगा कधी म्हाताऱ्यासारखा बोलतो, कधी उगाच बोबडा. सुरुवात अशी आहे: “त्या अंधाऱ्या, कोंदट खोलीत आम्ही दोघं पाच वर्षं कैद होतो.” निवेदन तृतीयपुरुषी करू का? त्या माणसाचे अत्याचार किती दाखवू? आणि सुटका शेवटी आणली तर चालेल ना?’

गेली वीसेक वर्षं मी कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचते, त्यांच्यावर संपादनाचं काम करते. लहान मुलाने सांगितलेली गोष्ट दर वर्षी एखादी तरी हातात येते आणि बहुतेक वेळा ती तुमच्यासारखीच अडलेली असते. लगेच निवेदनाचा पुरुष बदलू नका. दोष तिथे नाही, पहिल्याच वाक्यात आहे, म्हणून त्या एका वाक्यापाशी जरा बसू या.

‘अंधारी’ खोली कशाच्या मानाने? उजेडाची खोली ज्याने पाहिली आहे त्याचाच हा शब्द. ‘कोंदट’ म्हणायला मोकळा वारा अंगावर आलेला असावा लागतो. ‘कैद’ म्हणजे काय हे कळायला सुटं असणं ठाऊक हवं. ‘पाच वर्षं’ हा हिशेब आईचा आहे. मुलाच्या लेखी ते सगळं आयुष्य आहे, आणि सगळं आयुष्य कुणी मोजत नाही. सगळ्यात घातक शब्द मात्र पहिलाच: ‘त्या’. ‘त्या खोलीत’ म्हणणारा मुलगा खोलीच्या बाहेर उभा राहून तिच्याकडे बोट दाखवतोय. म्हणजे पहिल्या शब्दातच त्याची सुटका झाली! वाचकाला आता काळजी करायचं कारण उरलं नाही. राहिला ‘आम्ही’. त्याच्याकडे पुढे येते, कारण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

हे वाक्य मुलाचं नाही, तुमचं आहे. खोली बाहेरून बघणाऱ्याचं आहे. मुलाला काय माहीत नाही याची तुम्हाला सतत आठवण आहे आणि म्हणून तुम्ही त्याचं अज्ञान लिहिताय. त्याऐवजी त्याचं ज्ञान लिहा. आपलं जग इतकं पाठ असलेलं दुसरं पाच वर्षांचं मूल सापडणार नाही. कुठली फरशी पाय ठेवला की डुगडुगते, नळ बंद केल्यावर किती थेंब पडून थांबतो, भिंतीवरचा ओलीचा डाग गेल्या खेपेपेक्षा किती बोटं वाढला, हे त्याला डोळे मिटून सांगता येईल. तो त्या खोलीतला तज्ज्ञ आहे. तज्ज्ञासारखं, खात्रीने, थोड्या फुशारकीने बोलू द्या त्याला. भिंती त्याला दिसत असतात, पण त्या ‘भिंती’ असतात, ‘अडथळा’ नसतात. अडथळा वाचकाला दिसतो. ही जी फट आहे, मुलाला दिसणारं आणि वाचकाला कळणारं यांच्यामधली, तीच तुमची कादंबरी.

या जातीच्या कादंबरीचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण म्हणजे एमा डोनोह्यू यांची 2010 साली आलेली ‘रूम’. त्या वर्षी ती बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. पाच वर्षांचा जॅक आणि त्याची आई अकरा फूट बाय अकरा फुटांच्या एका पक्क्या बंद केलेल्या शेडमध्ये राहतात, छताला एक काचेचा झरोका आहे, तेवढंच आकाश. जॅकच्या दृष्टीने पलंग, गालिचा, कपाट ही सगळी माणसंच आहेत. इंग्रजीत लेखिकेने ते साधलं वस्तूंची नावं मोठ्या अक्षराने लिहून आणि त्यांच्या आधीची ‘अ’, ‘द’ ही उपपदं गाळून. मराठीत मोठं अक्षर नाही, उपपदंही नाहीत. पण आपल्याकडे त्याहून चांगली सोय आहे: लिंग. वाटी ती, चमचा तो, ताट ते. मराठी मूल बोलायला शिकतं तेव्हाच त्याच्या घरात बायका, पुरुष आणि मुलं असे तिन्ही प्रकारचे लोक राहायला येतात. ‘वाटी आज रुसली आहे, ती चमच्याशी बोलत नाही’ हे वाक्य मराठीत कसलीही खटपट न करता उभं राहतं. ही सोय वापरा. फक्त प्रत्येक वस्तूला बोलकी करत सुटू नका. दोन-तीन वस्तू निवडा, ज्यांच्याशी त्याचं खरंच काही नातं आहे. बाकीच्या वस्तू वस्तूच राहू द्या.

उपमांचं पथ्य याहून कडक आहे. मी लेखकांना एक काम सांगते: खोलीतल्या सगळ्या वस्तूंची यादी करा, अगदी सुतळीच्या तुकड्यापर्यंत, आणि ती टेबलासमोर लावा. सुटका होईपर्यंत मुलाने दिलेली प्रत्येक उपमा त्या यादीतूनच आली पाहिजे. एका हस्तलिखितात तळघरात वाढलेली मुलगी आईच्या केसांना ‘नदीसारखे’ म्हणत होती. लेखिकेला ते वाक्य फार आवडायचं, काढायला तयार नव्हती. मी विचारलं, त्या तळघरात लांब आणि वाहतं असं काय आहे? तिने बराच वेळ विचार केला आणि लिहून आणलं: ‘बादली कलंडली की पाणी मोरीकडे जातं, तसे आईचे केस पाठीवरून खाली जातात.’ त्या वाक्यात मोरी आली, बादली आली, रोजची अंघोळ आली आणि मुलीने आईच्या पाठीशी बसून काढलेला वेळही आला. नदी कोणालाही सुचली असती. (तुमच्या खोलीत टीव्ही असेल तर यादी लांबेल, पण मग टीव्हीतली नदी त्याला खरी वाटते की चित्र, हे आधी ठरवावं लागेल. ‘रूम’मध्ये हा प्रश्न फार नीट हाताळलाय: टीव्हीतलं सगळं खोटं अशीच जॅकची समजूत असते, आणि ती आईने त्याच्या मन:शांतीसाठी करून दिलेली असते.)

आता ‘आम्ही’. इंग्रजीत ‘वी’ एकच. मराठीत ऐकणारा धरून म्हटलं तर ‘आपण’ आणि ऐकणाऱ्याला वगळून म्हटलं तर ‘आम्ही’. तुमच्या मुलाने जन्मात एकाच माणसाशी बोललंय: आईशी. तिच्याशी बोलताना ‘आपण जेवू या’, ‘आपण झोपलो होतो ना?’ असंच येणार. ‘आम्ही’ हा शब्द तोंडात येण्यासाठी तिसरं कोणीतरी समोर लागतं, ज्याला सांगायचं की तुम्ही वेगळे आणि आम्ही दोघं वेगळे. असं कोणी त्याच्या जगात नाही. मग तो ‘आम्ही’ कोणाला म्हणतोय?

हा प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण निवेदक कोणाशी बोलतोय हे त्यावरच ठरतं. मी तुमच्या जागी असते तर खोलीतला सगळा भाग ‘आपण’वर चालवला असता. ‘मग आपण अंथरूण काढतो. मग आपण उड्या मारतो, शंभर.’ वाचणाऱ्याला आधी थोडं खटकेल, मग लक्षात येईल की मुलाने आपल्यालाही त्या खोलीत धरलंय. आणि सुटकेनंतर, दवाखान्यात किंवा पोलिसांसमोर, कोणीतरी विचारेल, ‘तुम्ही दिवसभर काय करायचात?’ तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा ‘आम्ही’ निघेल. त्या क्षणी आई आणि तो जगापासून वेगळे झाले, आणि वाचकही खोलीबाहेर पडला. एका सर्वनामात एवढं काम होत असेल तर ते सुरुवातीलाच खर्चून टाकू नका.

तसाच दुसरा शब्द त्या माणसासाठीचा. मूल त्याला काय म्हणतं? ‘तो आला’ की ‘ते आले’? आई त्याच्या तोंडावर एक बोलत असेल आणि पाठीमागे दुसरं. मुलाने दोन्ही ऐकलंय. आई भीतीने ‘ते आले, गप्प राहा’ म्हणत असेल तर मूल ‘ते’ म्हणेल, आणि त्या आदरार्थी बहुवचनाने वाचकाच्या अंगावर काटा येईल, कारण त्यातला आदर खोटा आहे हे मुलाला माहीत नाही. आई ‘तो’ म्हणत असेल तर तिने आपल्या मुलासाठी एक छोटी जागा राखून ठेवली आहे जिथे त्या माणसाची सत्ता चालत नाही. दोन्ही आया खऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या बायका आहेत. तुमची कुठली, ते तुम्हीच ठरवा. तुमच्या प्रश्नात तुम्ही ‘त्या माणसाचे अत्याचार’ म्हणता. मुलाच्या तोंडी त्याचं नाव काय आहे हे सांगितलेलं नाही. ते ठरलं नसेल तर दीडशे पानं डळमळणारच.

बोबडेपणाबद्दल थोडक्यात. पाच वर्षांचं मूल ‘मला खाऊ दे ना गं’ हे वाक्य स्वच्छ बोलतं. ‘ल’चा ‘य’ करून लिहिलेलं मूल दोन पानांनंतर वाचवत नाही. या वयातल्या चुका मागे राहिल्याच तर त्या नियम जास्त पाळल्यामुळे होतात: ‘केलं’च्या जागी ‘करलं’, ‘मेला’च्या जागी ‘मरला’. अशी एखादीच चूक ठेवा आणि ती जिथे लागेल अशा जागी ठेवा. आणि एक गोष्ट विसरू नका: या मुलाची भाषा एकाच मोठ्या माणसाकडून आली आहे. लंपनसारखा आजी-आजोबा, मित्र, शाळा, अख्खं गाव कानात साठवणारा मुलगा आपल्या वाचकांच्या मनात पक्का बसलाय, प्रकाश नारायण संतांनी तो बसवला. म्हणून मुलाचा आवाज म्हटला की लेखकांची लेखणी आपोआप तिकडे वळते. तुमच्या मुलाला ते मिळालेलं नाही. त्याला शिव्या येत नाहीत, पोरांची आपसातली भाषा येत नाही, पण आईच्या तोंडचा ‘वस्तुस्थिती’ किंवा ‘अपरिहार्य’ असला जड शब्द त्याला येत असेल. म्हणजे ‘म्हाताऱ्यासारखा बोलतो’ ही तक्रार तुम्ही ताकद करून घेऊ शकता, मात्र वाचकाला दिसलं पाहिजे की हा शब्द त्याने कोणाकडून उचलला. आधी आईच्या तोंडी येऊ दे, चार पानांनी मुलाच्या, थोडा चुकीच्या ठिकाणी.

काळाचंही असंच. ‘काल’ आणि ‘उद्या’ त्याला येतील. पण आपल्या भाषेत ‘परवा’ मागेही असतो आणि पुढेही. जिथे सगळे दिवस सारखे आहेत तिथे मुलाला यात काही चमत्कारिक वाटणार नाही. ‘परवा लाइट गेली’ आणि ‘परवा लाइट जाईल’, दोन्ही खरंच. हे एकदाच वापरा, पण वापरा.

वय पाचच ठेवलंत ते बरोबर आहे, आणि त्याचं कारण तुम्हाला माहीत असायला हवं, कारण सुटकेचा प्रसंग त्यावर उभा राहील. 1983 साली हाइन्ट्स विमर आणि योझेफ पेर्नर यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली: मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, त्याच्या मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. मॅक्सी परत आला की कुठे शोधेल? लहान मुलं म्हणाली, जिथे आता आहे तिथे. साधारण चारच्या पुढे मुलांना कळायला लागतं की मॅक्सीच्या डोक्यात जुनीच जागा असणार. म्हणजे दुसऱ्याच्या मनात खोटी समजूत असू शकते, आणि ती आपण मुद्दाम तयारही करू शकतो, हे समजण्याच्या उंबऱ्यावर तुमचं मूल आहे. तीन वर्षांचं मूल सोंग वठवू शकणार नाही. आठ वर्षांच्या मुलाने दाराबद्दल केव्हाच विचारलं असतं.

‘रूम’मध्ये सुटकेची युक्ती नेमकी यावर बेतली आहे. जॅकने मेल्याचं सोंग करायचं, आई त्याला गालिच्यात गुंडाळणार, त्यांना डांबून ठेवणारा माणूस त्याला ट्रकमधून न्यायला निघाला की सुटून उडी मारायची. आई त्याच्याकडून नऊ शब्द घोकून घेते: मेला, ट्रक, वळवळ, उडी, पळ, कोणीतरी, चिठ्ठी, पोलीस, आणि शेवटी दार कापायची ज्योत. तो सगळा प्रसंग त्या यादीवर चालतो. मूल घाबरलं की यादीतला शब्द विसरतं, आणि वाचकाचा श्वास तिथे अडकतो. भीतीचं वर्णन जवळजवळ करावंच लागत नाही. तुमच्या प्रसंगातही मुलाच्या हातात असं काहीतरी द्या, त्याला पेलेल एवढंच.

अत्याचार किती दाखवायचे, या प्रश्नाचं उत्तर मुलाच्या जागेत आहे. तो कुठे आहे, त्याला काय ऐकू येतं, एवढंच. जॅक रात्री कपाटात झोपतो आणि पलंगाची करकर पाच-पाचच्या हिशेबाने मोजतो. तो का मोजतो हे त्याला माहीत नाही. तुम्हाला आणि मला माहीत आहे. त्यापुढे एक शब्दही लागत नाही. तुमच्या मुलासाठी वेगळं काही शोधा: दार लागल्यानंतर आई नळ सोडून किती वेळ तोंड धुते, सकाळी ती केस विंचरते की नाही, कुठल्या दिवशी ती त्याच्या गोष्टीत चुकते. मी पुन्हा पुन्हा पाहिलंय की लेखक इथे घाबरतात, वाचकाला कळणार नाही म्हणून आईच्या तोंडी एखादं स्पष्टीकरण टाकतात. कृपा करून टाकू नका. ज्याला कळायचं त्याला कळतंच, आणि उघडं करून दाखवलंत तर तुमची गोष्ट एका बाईच्या यातनेचा तमाशा होईल. अशा कोठड्यांमधून खरोखर माणसं सुटून आली आहेत. 2008 साली ऑस्ट्रियात उघडकीस आलेल्या तळघराच्या प्रकरणाने ‘रूम’च्या लेखिकेलाही हा विषय सुचला. ती माणसं आज कुठेतरी जगत आहेत. लिहिताना त्यांच्याविषयी मनात लाज असावी, असं मला वाटतं.

आईचे वाईट दिवस मात्र जरूर दाखवा. दिवसच्या दिवस ती अंथरुणातून उठत नाही आणि मूल आपलं आपण गार अन्न खाऊन, वस्तूंशी बोलून दिवस काढतं, असा एक दिवस तुमच्या दीडशे पानांत आहे का? नसेल तर आई फारच सोशिक, फारच देवी झाली असण्याची शक्यता आहे. मुलाने तिचा रागही बघितला पाहिजे, त्याच्यावर निघालेला.

आता सुटका शेवटी आणण्याबद्दल: नका आणू. ‘रूम’चे पाच भाग आहेत आणि सुटका तिसऱ्यात होते. उरलेले दोन भाग बाहेरच्या जगाचे, आणि तिथेच खोली किती खोल गेली आहे ते दिसतं. जॅकला जिने उतरता येत नाहीत, ऊन सोसत नाही, वारा म्हणजे काय ते कळत नाही, आईवर आता आपला एकट्याचा हक्क नाही हे पचत नाही. आई मोकळी होऊन कोसळते, जीव द्यायचा प्रयत्न करते. बंदिवासात तिला मुलासाठी उभं राहावं लागत होतं, बाहेर ती गरज एकदम निघून गेली.

दृष्टीचं सांगते, कारण लेखक हे हमखास विसरतात. मानवशास्त्रज्ञ कॉलिन टर्नबुल यांनी 1961 साली लिहिलेल्या एका अनुभवात, दाट जंगलात वाढलेला त्यांचा साथीदार पहिल्यांदा उघड्या माळावर येतो आणि दूरवर चरणाऱ्या रेड्यांना बघून विचारतो, हे कुठले किडे? दूरची वस्तू लहान दिसते, हे त्याच्या डोळ्यांनी कधी शिकलेलंच नव्हतं. तुमच्या मुलाची नजर आजवर काही पावलांपलीकडे गेलेली नाही. रस्त्याच्या टोकाला चाललेला माणूस त्याला बोटाएवढा दिसेल, आणि जवळ येता येता तो ‘वाढेल’. या एका प्रसंगावर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं. ते मूल त्या वाढत्या माणसाला घाबरून आईच्या मागे लपेल.

तृतीयपुरुषाचं राहिलं. तो मार्ग वाईट नाही. 1897 साली हेन्री जेम्स यांनी ‘व्हॉट मेझी न्यू’मध्ये घटस्फोटित आईबापांच्या ओढाताणीत सापडलेल्या मुलीची गोष्ट तृतीयपुरुषी सांगितली, मुलांना दिसतं पुष्कळ, त्यासाठी शब्द कमी असतात, म्हणून शब्द लेखकाने पुरवायचे, अशी त्यांची भूमिका होती. तुम्हाला मोठी वाक्यं आवडत असतील, मुलाच्या आवाजात गुदमरल्यासारखं होत असेल तर तो मार्ग घ्या. पण ‘त्या अंधाऱ्या, कोंदट खोलीत’ हे वाक्य तिथेही चालणार नाही, कारण उभं कुठे राहायचं हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून आधी प्रथमपुरुषात पहिली चाळीस पानं पुन्हा लिहा. मोठ्याने वाचा. ज्या विशेषणापाशी जीभ थांबेल त्याला विचारा, हे कशाच्या मानाने?

आणि दोघं शेवटी त्या खोलीत परत जाणार असतील, निरोप घ्यायला म्हणा, पोलिसांबरोबर म्हणा, तर ‘लहान’ हे विशेषण तोपर्यंत खोलीला एकदाही लावू नका. दार उघडेल, मूल आत बघेल आणि आईला विचारेल, ‘ही एवढीशी कोणी केली?’